‘सहज’ हा शब्द मागे घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुधवारच्या अंकात क्रीडा पानाच्या तळाशी, टायरच्या जाहिरातीच्या डोक्यावर, बुडापेस्टच्या २०२२च्या जागतिक जलतरण स्पर्धेतील महिलांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे पोहणे) शर्यतीची बातमी आपण अकरा ओळींत छापलीत, याबद्दल आधी आभार मानते. एरवी पोहणाऱ्या बायका आपल्या पानावर ऑलिम्पिकच्या वर्षीच उगवतात. मात्र ‘पिलातोने सुवर्ण सहज खिशात घातले’ हा जो मथळा आपण त्या बातमीला दिलात, तो वाचता वाचता समोरचा चहा निवला, आणि आज दुसरा दिवस उजाडला तरी डोके काही निवलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इटलीच्या बेनेडेट्टा पिलातोची वेळ १ मिनिट ५.९३ सेकंद. दुसरी आलेली जर्मनीची अ‍ॅना एलेंड्ट १ मिनिट ५.९८, तिसरी लिथुआनियाची रुटा मेइलुटिटे १ मिनिट ६.०२ आणि पदकाविना परतलेली अमेरिकेची लिली किंग १ मिनिट ६.०७. यातले पदकांचे तीन आकडे आपल्याच बातमीच्या शेवटच्या दोन ओळींत आहेत. मथळा देणारे तिथपर्यंत पोहोचलेले दिसत नाहीत. पहिली आणि दुसरी यांच्यात पाच शतांश सेकंदांचा फरक आहे. शंभर मीटर सुमारे सहासष्ट सेकंदांत, म्हणजे सेकंदाला दीड मीटर, असा सरासरी वेग धरला तर हे अंतर साडेसात सेंटिमीटर भरते. मी काल माझी चार बोटे जुळवून फूटपट्टीवर ठेवून पाहिली, साधारण तेवढेच. पहिलीपासून चौथीपर्यंतचे अंतर याच हिशेबाने एकवीस सेंटिमीटर होते. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान चार मुली शेवटच्या भिंतीपाशी एका वितीत मावत होत्या. याला आपले क्रीडा खाते ‘सहज’ म्हणत असेल, तर नऊ गडी राखून मिळवलेल्या विजयासाठी आपण कोणता शब्द राखून ठेवला आहे, हे एकदा कळायला हवे.

शिवाय ती एक वीत कोणाकोणाला मागे टाकून मिळाली, हेही पाहावे. लिली किंगने २०१७ साली याच शहरात, याच ड्युना अरिना तलावात, १ मिनिट ४.१३ सेकंद असा विश्वविक्रम केला होता आणि पुढे २०१९चे जागतिक विजेतेपदही तिनेच राखले होते. मेइलुटिटे लंडन ऑलिम्पिकमध्ये पंधराव्या वर्षी हेच अंतर जिंकली. नंतर २०१९मध्ये निवृत्त झाली, उत्तेजक चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्यात तीनदा चूक झाल्याने दोन वर्षांची बंदी भोगली, आणि आता परत येऊन पदक घेऊन गेली. आणि स्वतः पिलातो! सतरा वर्षांची ही मुलगी चौदाव्या वर्षी ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन गेली होती, सोळाव्या वर्षी ५० मीटरचा विश्वविक्रम तिच्या नावावर लागला होता, आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच टोकियो ऑलिम्पिकमध्ये याच १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत तिला पंचांनी बाद केले होते. विश्वविक्रम घेऊन गेलेली मुलगी पहिल्याच फेरीत यादीतून पुसली गेली. तिने पुढचे वर्ष कसे काढले असेल, याची मला थोडीफार कल्पना आहे, आणि ती का आहे, हे सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

ब्रेस्टस्ट्रोक हा पोहण्यातला सर्वांत संशयी प्रकार आहे. फ्री स्टाइलवाल्याने वळताना भिंतीला कसाही स्पर्श केला तरी चालतो. त्याचा बहुधा पायच लागतो. इथे प्रत्येक वळणाला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे लागावे लागतात. दोन्ही पायांची हालचाल एकसारखी हवी. सूर मारल्यावर आणि प्रत्येक वळणानंतर बटरफ्लायसारखी, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखी, लाथ एकदाच मारता येते, दुसरी मारली की बाद. आमच्या वेळी तर ती एक लाथही चालत नसे, आणि पोहताना डोके पूर्ण पाण्याखाली गेले तरी पंचांचा हात वर होई.

१९८४ साली मी नववीत होते आणि शालेय स्पर्धेत परगावी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीत पोहले होते. तलाव २५ मीटरचा, पाणी हिरवे, आणि भिंतीला पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा पट्टा. तिसऱ्या वळणाला माझा डावा हात त्या शेवाळावरून घसरला. तो उजव्या हातानंतर किंचित उशिरा लागला असावा, हे मी आज अडतीस वर्षांनी मान्य करते. त्या दिवशी अर्थातच केले नव्हते. शेवटच्या लांबीत मी जीव तोडून पोहले, दुसरी आले, तलावाच्या काठावर कोपरे टेकून धापा टाकत आमच्या सरांकडे पाहिले, तर ते खाली मान घालून पायाने चप्पल चाचपडत होते. पंचांनी मला बाद ठरवले होते. पंचांविषयी माझी तेव्हा तक्रार होती, आता नाही. नियम तो नियम.

तक्रार आहे ती तिसऱ्या दिवशी छापून आलेल्या बातमीविषयी. तिच्यात माझे आणि शाळेचे नाव देऊन लिहिले होते की मी ‘शर्यत अर्धवट सोडली’. कोणी सोडली? चारही लांब्या मी पूर्ण केल्या होत्या! बाद होणे आणि शर्यत सोडणे यातला फरक त्या वार्ताहरांना ठाऊक नसावा, किंवा परतीची एस.टी. गाठायची घाई असावी. पण माझे आजोबा भिंग घेऊन वर्तमानपत्राची ओळ न् ओळ वाचत, आणि छापलेले खोटे असू शकते हे त्यांना त्या वयात पटण्यासारखे नव्हते. ‘‘अर्धवट का गं सोडलीस?’’ हे त्यांनी मला इतक्या मायेने विचारले की मला उत्तरच देता आले नाही. शाळेत पुढे वर्षभर मी ‘अर्धवट’ होते. ज्या मुलींना तलावात कंबरभर पाण्यातही उभे राहता येत नव्हते, त्याही मला त्या नावाने हाक मारत. वडिलांनी संपादकांना पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर खुलासा लिहून पाठवला. तो छापला गेला नाही. ते वर्तमानपत्र कोणते, हे इथे सांगत नाही. आपले नव्हते, एवढा दिलासा आपल्याला देऊ शकते.

हे सारे ‘सहज’च्या निमित्ताने का आठवावे, असे आपल्याला वाटेल. ‘अर्धवट सोडली’ आणि ‘सहज जिंकली’ ही मला एकाच सवयीची दोन रूपे वाटतात. शर्यत न पाहता खणातून शब्द काढायचा आणि माणसाला चिकटवायचा. आपल्याकडे अशा शब्दांचा खण भरलेला दिसतो: सहज, दणदणीत, धूळ चारली, धुव्वा उडवला. त्यातला कुठला कोणत्या शर्यतीला लागू पडतो, हे पाहायला एक मिनिट पुरेसे आहे. या शर्यतीच्या बाबतीत तर अक्षरशः एक मिनिट आणि सहा सेकंद.

आणि हे आपल्याला येत नाही असेही नाही. त्याच संध्याकाळी, त्याच तलावात इटलीच्याच थॉमस चेक्कोनने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५१.६० सेकंदांचा विश्वविक्रम केला. ती बातमी आपण त्याच पानावर दोन स्तंभांत, शतांशासकट, एका चुकीविना दिली आहे. त्यात त्याच्या दिसण्याविषयी एक शब्द नाही. पिलातोच्या अकरा ओळींपैकी तीन मात्र तिच्या ‘मनमोहक हास्या’वर खर्च झाल्या आहेत. बुडापेस्टला हास्याचे गुण मोजण्याची सोय होती, असे मला तरी कुठे आढळले नाही. त्या तीन ओळींत टोकियोचे बाद होणे बसले असते, मेइलुटिटेचे परत येणे बसले असते, फार काय, चौथ्या आलेल्या किंगचे नावही बसले असते, जे आपल्या बातमीत मुळीच नाही. जगातली विश्वविक्रमवीर पदकाविना परत गेली, ही बातमी नव्हे काय?

छायाचित्राविषयी लिहिणार नव्हते, पण राहवत नाही. बातमीशेजारी छापलेल्या चित्रातील खेळाडूचे दोन्ही हात पाण्याबाहेर, बाजूंना पंखांसारखे पसरलेले आहेत. महोदय, हा बटरफ्लाय आहे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात असे बाहेरून फिरवून पुढे आणले, तर पंच पदक देत नाहीत, घरी पाठवतात. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले पोरही या पोहण्याला ‘बेडूक’ म्हणून ओळखते. बेडकाला पंख नसतात, एवढे ध्यानात ठेवले तरी चित्र निवडताना चूक होणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. मथळ्यातील ‘सहज’ हा शब्द चुकीचा होता, विजय पाच शतांश सेकंदांचा होता आणि छायाचित्र दुसऱ्या पोहण्याचे होते, असा तीन ओळींचा खुलासा त्याच पानावर छापावा. जागेची अडचण असल्यास राशिभविष्यातून चार बोटे कापून घ्यावीत. तिथे काय छापले आणि काय गाळले, हे बुधवारी कोणाच्या लक्षात येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली एक जुनी वर्गणीदार, पुणे ३०
(नाव छापू नये. एकदा छापून झाले आहे.)

ता. क. : आमच्या भागातील तलावावर बायकांची बॅच अजूनही दुपारी एक वाजताच असते, जेव्हा घरात जेवणे चालू असतात आणि काठावरच्या फरशीवर पाय ठेववत नाही. पिलातोची बातमी वाचून शेजारच्या सहावीतल्या मुलीला ब्रेस्टस्ट्रोक शिकायचा आहे. तिला मी काय वेळ सांगू?