खासगी विहिरींच्या पाणी तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक नळयोजनेच्या पाण्याची तपासणी ठरावीक काळाने होत असते आणि त्यात दोष आढळल्यास जाब विचारण्याचीही सोय असते. स्वतःच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिणाऱ्या कुटुंबाला असा आधार नसतो. पाणी तपासायचे, विहिरीची निगा राखायची आणि दोष निघाला तर निस्तरायचा, हे सारे त्या घरालाच करावे लागते. या कामी अशा कुटुंबांच्या पाठीशी उभे राहण्याचे आमच्या समितीने ठरविले असून त्यासाठी आपणा सर्वांचे सहकार्य हवे आहे.

पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे, म्हणजे ते चांगलेच असणार, असा समज फार खोलवर रुजलेला आहे. नुकतेच एका घरच्या विहिरीचे असेच काचेसारखे पाणी आम्ही जंतुतपासणीच्या छोट्या बाटलीत भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाईसारखे काळे झालेले होते, म्हणजेच पाण्यात जंतू असल्याची खूण मिळाली. कारण शोधू जाता ओट्याला बोटभर रुंदीची भेग आढळली. भांडी घासलेले पाणी तिच्यातून थेट विहिरीत उतरत होते. भेग बुजवून, गाळ काढून, विहिरीचे निर्जंतुकीकरण केल्यावरच पुन्हा नमुना घ्यायचा असतो आणि तो निर्दोष येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे लागते.

मात्र उकळण्याने प्रत्येक दोष जातो असे नाही, हे आम्हाला आवर्जून सांगावेसे वाटते. खतांमधून किंवा शोषखड्ड्यातून झिरपणारे नायट्रेट उकळल्याने कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेटसाठी लिटरमागे 50 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात बाळाचे वरचे दूध कालविल्यास, विशेषतः सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते. फ्लोराइड आणि आर्सेनिकही डोळ्यांना दिसत नाहीत की जिभेला कळत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय नाही.

प्रत्येक विहिरीची वर्षातून किमान एकदा, तसेच पुराचे पाणी आत शिरल्यास त्यानंतर लगेच तपासणी व्हावी, असा आमचा प्रयत्न आहे. जंतुतपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, थंड ठेवून, 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. बहुतेक घरांची अडचण नेमकी इथेच होते. त्यामुळे देणगीइतकीच आम्हाला बाटल्यांची, बर्फाच्या पेटीची आणि आठवड्यातून एक सकाळ स्वतःचे वाहन घेऊन येणाऱ्या माणसांची गरज आहे. कठडा व ओटा दुरुस्त करू शकणाऱ्या गवंड्यांनी आपले दोन दिवस दिले, तरी काही घरांचा प्रश्न सुटेल. जमा होणारी रक्कम तपासणी शुल्क, झाकणे आणि दुरुस्तीचे साहित्य एवढ्यावरच खर्च केली जाईल व तिचा हिशोब सर्वांना पाहण्यासाठी खुला राहील.

विहीरमालकांना एक विनंती आहे. दोष निघाला तर लोक काय म्हणतील, या संकोचाने कृपया मागे राहू नये. अहवाल केवळ आपल्याच हाती दिला जाईल. नमुना देण्यापूर्वी शौचालयाची टाकी, शोषखड्डा, गोठा आणि उकिरडा विहिरीपासून किती अंतरावर आहेत, हे मोजून ठेवावे; नमुना घ्यायला येणारे कार्यकर्ते सर्वांत आधी तेच विचारतील.