वाडा पाडण्याआधी चौघांना पाठवा : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी पहाटे साडेतीनला आमच्या वाड्याची दर्शनी भिंत सोप्यात कोसळली. आतल्या खोलीत झोपलेल्या माझ्या सासूबाई आवाजाने उठल्या, अंधारात बाहेर धावल्या आणि जोत्यावरून खाली पडल्या. वय ८६. खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी दिंडी दरवाजावर ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस लागली. वाडा ३० दिवसांत उतरवून घ्या, नाहीतर आम्ही पाडू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू, असं तीत लिहिलं आहे.

ही भिंत पावणेदोनशे वर्षं उभी होती. ती का पडली हे मला माहीत आहे, म्हणून हे पत्र.

कृष्णाकाठच्या आमच्या पेठेत पाच वर्षांपूर्वी सरकारी निधीतून जुन्या घरांचे दर्शनी भाग ‘सुशोभित’ करण्यात आले. आम्हाला आनंदच झाला होता. पण कामावर आले ते सिमेंटची पोती घेऊन. आमच्याकडे चुना मळणारे एकच गवंडी उरले आहेत, ७४ वर्षांचे. ते स्वतः येऊन सांगून गेले, “वहिनी, सिमेंट लावू देऊ नका. जोत्यातून ओल वर यायची थांबत नाही. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती लाकूड धरील.” मी कामावरच्या साहेबांना हे सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं की चुन्याचं काम त्यांच्या दरसूचीत बसत नाही.

कामाच्या समारंभाला त्या वेळचे एक मंत्री आले होते. मी दोनशे माणसांत उभी राहून विचारलं. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून शब्द दिला, की स्थापत्य अभियंता, रसायनतज्ज्ञ, इतिहास जाणणारा माणूस आणि गावातले कारागीर अशी समिती नेमू आणि पुढचं काम तिला विचारूनच करू. टाळ्या झाल्या. त्यानंतर मी सहा अर्ज दिले. सहाही अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, समिती कुठेही नाही. ते मंत्री तुम्ही नव्हतात, पण शब्द सरकारचा होता.

गवंडीकाकांनी सांगितलं तसंच झालं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला आतून लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला. तिसऱ्या वर्षी विटांचे पापुद्रे सुटू लागले. चुन्याच्या गिलाव्यातून ओलीची वाफ बाहेर जाते. सिमेंटचा थर घट्ट असतो, त्यामुळे पाणी मागच्या मऊ, कमी भाजलेल्या विटेत अडकतं. पाण्यातले क्षार विटेच्या आतच स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा चेहरा फोडतात. भिंतीत बसवलेल्या सागवानी खांबाचं बूड याच ओलीने कुजलं. भिंत पडल्यावर मी ते हातात घेतलं, तर त्याचा भुगा झाला. वरचा सगळा खांब मात्र अजून खणखणीत वाजतो.

नोटिशीआधी पाहणीला एक तरुण अभियंता आला होता. त्याने बाहेरून मोबाइलवर चार फोटो काढले. ओळंबा लावला नाही, एकाही खांबावर हातोडी वाजवून पाहिली नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याचं शिक्षण काँक्रीटचं. सागवानाची कुसं आणि खाचा एकमेकांत कशा बसवतात हे त्याला कुणी शिकवलंच नसेल, तर त्याने काय पाहावं? पण तो एकटा कसा पाठवता? माझ्या सासूबाईंचं हाड मोडलं तेव्हा अस्थितज्ज्ञ आले, हृदयाचे डॉक्टर आले, भूलतज्ज्ञ आले, मगच शस्त्रक्रिया झाली. वाड्याला एका माणसाने रस्त्यावरून पाहिलं आणि त्याचं मरण ठरवलं.

आमच्याकडे सासऱ्यांच्या आजोबांची मोडीतली रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आहे. गावातल्या एका मोडी जाणकाराकडून मी ती वाचून घेतली. तीत वाड्याच्या दुरुस्तीचा खर्च आहे : चुना, वाळू, गूळ, हिरडा, बेलफळं, चुना मळायच्या घाणीच्या बैलांचं भाडं. म्हणजे आमच्या भिंतीचं औषध आमच्याच कपाटात होतं. ते वाचायला मोडीवाला लागतो, त्याचं प्रमाण तपासायला रसायनवाला लागतो आणि ते मळायला गवंडी लागतो. हे तिघे एका ओसरीवर बसले असते, तर सासूबाई आज स्वतःच्या पायांनी तुळशीला पाणी घालत असत्या.

हे माझ्या मनचं खूळ नाही. १९६४ साली व्हेनिसच्या सनदेत जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी हेच लिहिलं, की जतनासाठी उपयोगी पडेल त्या प्रत्येक विज्ञानाची आणि तंत्राची मदत घ्यावी. लांब कशाला जायचं? वेरूळच्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते आणि त्यांनी तो गिलावा शतकानुशतकं कीड लागण्यापासून वाचवला, हे २०१६ मध्ये पुढे आलं. त्यात पुरातत्त्वाचं रसायनशास्त्र जाणणारा एक माणूस होता आणि दुसरा वनस्पतिशास्त्राचा. दोघे एकत्र आले म्हणून ते कळलं.

किल्लारीचं उदाहरण मला नेहमी ऐकवलं जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली, हे मी विसरलेले नाही. पण तिथे अनेक घरांच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी खणांचे सांगाडे उभे राहिले होते. माणसं मारली ती दोन्ही अंगं न बांधता रचलेल्या जाड भिंतींनी आणि माथ्यावरच्या मातीच्या ओझ्याने. भिंतीची दोन्ही अंगं धरून ठेवणारे लांब दगड कुठे घालायचे, माथ्यावरची माती किती उतरवायची, खांब कसे जखडायचे, हे अभियंता आणि सुतार मिळून सांगू शकतात. त्यासाठी त्यांना एकत्र बसवावं लागतं. जुनं ते सगळं पाडा, एवढाच धडा आपण घेतला.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात गेले, तेव्हा मीही दारात रांगोळी काढली. पण ज्या घरांत माणसं राहतात त्यांचं काय? १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा घोषित स्मारकांना सांभाळतो. आमच्यासारखा साधा वाडा कुठल्याच यादीत नाही. आणि यादीत असून तरी काय होतं? सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१३ च्या अहवालात केंद्राची ९२ संरक्षित स्मारकं जागेवर सापडलीच नव्हती! ज्या व्यवस्थेकडून स्मारकं हरवतात, ती आम्हाला तीस दिवसांची मुदत देते. मागच्या चौकातलं बिऱ्हाड आजही महिना २२ रुपये भाडं देतं, ते वाढवायला कोर्टात जायचं. दुरुस्ती करायची तर परवानगीसाठी तीन टेबलं फिरायची. पाडायला मात्र एक कागद पुरतो. तुमच्या दरसूचीत पाडकामाचा दर सापडतो, मळलेल्या चुन्याचा सापडत नाही. गवंडीकाकांचा मुलगा आता पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. त्याचे हात चुन्याला बसले होते, पण इथे त्याला मजुरी देणारं कुणी नव्हतं.

आम्ही सध्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सासूबाईंना चौघांनी खुर्चीत उचलून वर नेलं. त्या रोज विचारतात, देवघरात दिवा कोण लावतंय. मी ६२ वर्षांची आहे. निवृत्तीचे पैसे दवाखान्यात गेले. मी तुमच्याकडे भरपाई मागत नाही.

नोटीस स्थगित करा. काँक्रीटच्या पलीकडे लाकूड आणि चुना शिकलेला एक अभियंता, क्षार तपासणारा एक रसायनतज्ज्ञ, एक जुना सुतार आणि आमचे गवंडीकाका, असे चौघे एक दिवस वाड्यात बसवा. त्यांनी पाडा म्हटलं, तर मी स्वतः देव उचलून बाहेर आणीन.

मुदतीचे १३ दिवस उरले आहेत. दिंडीच्या कुलपाची किल्ली समोरच्या वाण्याकडे ठेवली आहे, येणाऱ्यांनी मागून घ्यावी. आत गेल्यावर उजवीकडून जावं. देवघराच्या बाजूची तुळई टेकूवर आहे.

आपली,
पेठेतली एक रहिवासी