बोर्डाने ‘नाही’ लिहिले, ‘का नाही’ ते लिहिले नाही

मा. संपादक,
स. न.

फौजेत मी क्लार्क होतो, म्हणून निवृत्तीनंतरही आसपासच्या वाड्यांतल्या माजी सैनिकांचे कागद माझ्या ओट्यावर येतात. पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) मुलीच्या नावाची चूक, कॅन्टीन कार्ड, असलेच काहीबाही. अलीकडे मात्र एक कागद वारंवार यायला लागला आहे, तो म्हणजे घरी येताना झालेल्या रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे नोकरी संपताना डॉक्टरांनी केलेल्या तपासणीचा. त्याबद्दल हे पत्र.

गेल्या महिन्यात भावकीतला एक नाईक आला. सतरा वर्षे नोकरी झालेली. काळ्या ट्रंकेतून काढलेला एएफएमएसएफ-16 फॉर्म त्याने पुढ्यात ठेवला. या फॉर्मच्या सुरुवातीलाच एक तक्ता असतो. जवान कुठे कुठे राहिला ते त्यात ओळीने लिहायचे आणि समोर पीस (शांत छावणी) असेल तर ‘पी’, फील्ड (सीमेवरची किंवा मोहिमेची जागा) असेल तर ‘एफ’ टाकायचा. याच्या तक्त्यात तीन ‘एफ’, त्यातला एक बर्फातला. पाने उलटत गेलो. आजार ब्लड प्रेशर, अपंगत्व 30 टक्के, कायमचे. मग खरा रकाना. आजार सेवेमुळे झाला का? नो. सेवेमुळे बळावला का? नो. कारण : ‘ऑनसेट इन पीस स्टेशन’, म्हणजे आजार शांत छावणीत सुरू झाला. दोन्हीकडे ‘नो’, म्हणजे अपंगत्व पेन्शन नाही. खाली तीन डॉक्टरांच्या सह्या, आणि याचीही.

“अरे, वाचलं नाहीस का?”

“तात्या, गाडीचं तिकीट काढलेलं होतं. जिथं बोट दाखवलं तिथं सही केली.”

आजार मशीनवर पहिल्यांदा कुठल्या छावणीत दिसला, हे तो का झाला याचे उत्तर कसे होईल? बीपीची काही पोस्टिंग ऑर्डर निघत नाही. तीन फील्ड टेन्युअर करून माणूस खाली आला, पट्टा दंडाला लागला आणि आकडा वर गेला. पहिल्या पानावरचे ‘एफ’ शेवटच्या पानावर कुणी पाहिलेच नाहीत.

रोग कोणता आणि टक्के किती, यात डॉक्टरांशी वाद घालायची माझी लायकी नाही. पण आजाराचा नोकरीशी संबंध का नाही, हे त्यांनी लिहायला हवे. हे मी पदरचे सांगत नाही. धरमवीर सिंग हे सिग्नल्समधले शिपाई. 1985 ला भरती झाले, झटक्यांच्या आजारामुळे 20 टक्के अपंगत्व देऊन 1994 ला बाहेर काढले गेले, पेन्शन नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो जुलै 2013 मध्ये. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असे धरायचे, सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही, शंकेचा फायदा त्याला द्यायचा आणि बोर्डाने कारणे नोंदवायची, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. तरी अजून ओळभर कारणावर भागवले जाते.

पैशाचेही सांगतो. जुन्या नियमांत शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, असा पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या भागाचा हिशेब. 20 ते 49 टक्क्यांपर्यंतचे अपंगत्व 50 धरतात. हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, हे डिसेंबर 2014 च्या राम अवतार प्रकरणात ठरले. म्हणजे पगाराच्या 15 टक्के रक्कम दरमहा, जन्मभर. 21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत आणि ते जास्त आखडते आहेत. त्यामुळे बोर्डाच्या कागदावर काय लिहिले जाते याला आता आणखीच महत्त्व आले आहे.

शेवटच्या वर्षी आजार शोधत फिरणारेही असतात. मी पाहिले आहेत, खोटे कशाला बोलू? पण कॅगने याच विषयात दाखवून दिले, की अपंगत्व पेन्शन मिळणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांत जवानांपेक्षा कितीतरी जास्त आहे. बर्फात पहारा कोण देतो ते सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते फरक कागदाचा आहे. अधिकाऱ्याला फॉर्म वाचता येतो, कुठे हरकत घ्यायची ते कळते. आमच्या नाइकाला तिकीट दिसत होते.

आणखी एक खुपते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. अपंगत्व पेन्शनच्या प्रकरणांत सरकारने वरच्या कोर्टात धावणे थांबवावे, असे त्या समितीने सांगितले. तरीही सशस्त्र दल न्यायाधिकरणात (फौजींच्या दाव्यांच्या कोर्टात) जिंकलेल्या जवानांना पुढे खेचणे थांबलेले नाही.

माझी मागणी एवढीच. सही घेण्याआधी बोर्डाच्या मताची प्रत जवानाच्या हातात दोन दिवस राहू द्या, हिंदीत किंवा त्याच्या भाषेत. आणि नकाराखाली एका ओळीऐवजी कारण लिहा, ज्यात त्याच्या तक्त्यातल्या ‘एफ’चा उल्लेख असेल. याला नवा कायदा लागत नाही.

ज्यांच्या ट्रंकेत असे नकाराचे पत्र पडून आहे त्यांनी तारीख पाहावी. पहिल्या अपिलाला सहा महिने असतात. तेही फेटाळले तर दुसरे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याला मुंबईचे खंडपीठ आहे. बोर्डाची प्रत नसेल तर माहिती अधिकारात मागा. मुदत गेली म्हणून कागद जाळू नका. 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणात सोळा वर्षे उशिरा आलेल्यालाही पेन्शन मिळाली, थकबाकी मात्र तीनच वर्षांची.

नाइकाचे अपील सोमवारी स्पीड पोस्टाने गेले. सोबत त्या तक्त्याची झेरॉक्स जोडली आहे, तिन्ही ‘एफ’ना लाल पेनाने गोल करून.

– एक माजी हवालदार (क्लार्क), ता. कोरेगाव, जि. सातारा