भासरे की दीर?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोन ठेवताना तू विचारलंस, "ते कोरियाचं लिहीत बसतेस दिवसभर, त्यात तुझं काय असतं गं?" तेव्हा स्टुडिओतून हाक आली आणि उत्तर राहून गेलं. आज निवांत लिहिते.

मागच्या महिन्यात मी तुला एक प्रसंग सांगून विचारलं होतं, आठवतं? स्वयंपाकघरात सून भांडी विसळतेय. दारात एक पुरुष येतो. ती नळ बंद करते, हात पुसते, नजर खाली घालून "जेवलात का" म्हणते. माझ्यासमोरच्या कागदावर फक्त "ब्रदर-इन-लॉ" लिहिलेलं. कोरियन मालिका आमच्याकडे येते ती इंग्रजीतून. त्या इंग्रजीवरून आम्ही हिंदी संवाद लिहायचे, तेही पात्राच्या ओठांवर बसतील असे. आता हा माणूस जेठ की देवर, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ की धाकटा, ते मी कसं ठरवायचं? तू क्षणात म्हणालीस, "नळ बंद केला ना तिनं? मग भासरेच. दिरासमोर कोण नळ बंद करतं!"

कोरियन शिकणाऱ्या एका मैत्रिणीला मूळ आवाज ऐकवला. ती बाई "आजुबोनिम" म्हणत होती. म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. लग्न न झालेल्या धाकट्या दिराला त्यांच्याकडे "दोर्योन्निम" म्हणतात. जावेला वेगळा शब्द, नणंदेला वेगळा, मेहुणीला वेगळा. आपल्याकडे आहे तसंच सगळं. दोन्ही घरांत नाती मोजूनमापून ठेवलेली आणि मधल्या इंग्रजीच्या उंबऱ्यावर ती गळून पडतात. मी ती उचलून परत जागेवर ठेवते. आई, त्यात माझं असतं ते हे. आणि ते तुझ्याकडून आलेलं असतं.

पण एक गोष्ट मला खुपते, ती तुम्हालाच सांगते. हे सगळं मी हिंदीत करते. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. तेलुगूपेक्षा जास्त, तमिळपेक्षा तर बरेच जास्त. तरी बाहेरची मालिका आली की बहुतेक वेळा हिंदी, तमिळ, तेलुगू अशा आवृत्त्या निघतात. मराठी माणूस हिंदीत बघतोच, मग वेगळा खर्च कशाला, हा हिशेब. दोन वर्षांपूर्वी मी एका मालिकेचा पहिला भाग हौसेने मराठीत लिहिला होता. भासरे, जाऊबाई, सगळं त्यात होतं. आवाजही झाले. मग वरून निरोप आला की मराठी नको. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

आणि आता आपला चिनू. पाच वर्षांचा पोर भूक लागली की तुला म्हणतो, "आजी, मुझे भूख लगी है." दादा हसतो, वहिनी कौतुकाने सांगते. मला हसू येत नाही. कार्टून जपानचं, आवाज हिंदी, आणि ते हिंदी माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेलं. त्याला टीव्हीपासून तोडा असं मी म्हणत नाही. आम्हीही बघतच वाढलो.

बाबा, 1993 मधले रविवार आठवतात का? देवलापारच्या फॉरेस्ट क्वार्टरमध्ये तुम्ही अँटेना फिरवायचे आणि आम्ही आतून ओरडायचो, "आलं, आलं!" दूरदर्शनवरचा मोगली. तो जपानमध्ये तयार झाला होता, हे मला या धंद्यात आल्यावर कळलं. मोगलीचा लेखक किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 साली. गोष्टी लिहिल्या अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, आणि मोगलीचं जंगल ठेवलं सिवनीच्या डोंगरांत. म्हणजे आपल्या पेंचच्या जंगलाला लागूनच, तुमच्या बीटपासून काही तासांवर. तिथलं जंगल मुंबईकर इंग्रजाच्या डोक्यातून अमेरिकेत गेलं, जपानी चित्रकारांच्या हातून रंगलं आणि हिंदी बोलत आपल्याच घरी आलं. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. तुम्ही दारात बूट घालत म्हणाला होतात, "वाघ एवढं बोलत नाही. वाघ आहे हे आधी वानर सांगतं, मग चितळ." चिनूला हे कोणी सांगितलंय का? सांगा ना. मोहाखाली पहाटे अस्वल येतं ते सांगा, ऐन आणि धावडा सालीवरून ओळखायला शिकवा. मराठीत सांगा, रोज थोडं. एवढं एक मागणं आहे माझं. तुमच्याइतकं ते कोणाला येत नाही, आणि त्याची आवृत्ती कोणतीही कंपनी काढणार नाही.

गुडघ्याचं तेल कुरियरने पाठवलंय. आई, थंडीत पहाटे अंगणात सडा घालायला उठू नकोस.

आणि हो, पुढच्या भागात लग्न आहे. नवऱ्या मुलाला त्याची मेहुणी काहीतरी टोचून बोलते, सगळे हसतात, आणि इंग्रजीत ते अगदी सपाट झालंय. तुझ्या लग्नात मावशी बाबांना काय म्हणाली होती, ते मला नीट हवंय. रविवारी दुपारी फोन करते. बाबांनाही जवळ बसव.

तुमची,
सुमी