गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या सहा आठवड्यांसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात गुडघे बदलून घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि हल्ली जो तो आधी विचारतो, ‘रोबोने करायचं का?’ शहरातल्या मोठ्या दवाखान्यांचे फलक एसटी स्टँडपर्यंत पोचलेत, तेव्हा हे व्हायचेच. काही दानशूर मंडळींनी तर ‘रोबोचा जादा खर्च भागवायला निधी काढा, आम्ही देतो’ असेही सुचवले. कार्यकारिणीने हाडाच्या डॉक्टरांशी बोलून निधी काढायचे ठरवले आहे, पण रोबोसाठी नाही. कारण सांगतो.

रोबो एकटा ऑपरेशन करत नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणा लावतात, कॅमेरा त्या खुणा टिपत राहतो आणि कुठे किती हाड कापायचे ते पडद्यावर दिसते. करवत बहुतेक यंत्रांत डॉक्टरच चालवतात. पाते आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागले की यंत्र अडवते. काम मापात होते, यात शंका नाही. सांध्याची एकच बाजू झिजली असेल आणि तेवढीच लहान चिरेतून बदलायची असेल, तर हा नेमकेपणा उपयोगी पडतो. पूर्ण गुडघा बदलायचा तर चीर बोटभर राहत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. कोरियातल्या डॉक्टरांनी हजारांहून जास्त रुग्णांवर केलेली तुलना २०२० साली प्रसिद्ध झाली. रोबोने केलेले आणि हाताने केलेले गुडघे किमान दहा वर्षांनी तपासले, तर दुखण्यात, चालण्यात, टिकण्यात फरक आढळला नाही. तो रोबो जुन्या पिढीचा होता, हेही खरे.

केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याला तेव्हा जीएसटी सोडून कमाल ५४,७२० रुपये ठरले. ती मर्यादा फक्त सांध्याची. रोबो यंत्राचा खर्च वेगळा, आणि तो दवाखान्यागणिक बदलतो. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर करावा.

आपल्याकडे अडते ते घरी आल्यावर. संडास खाली बसायचा, न्हाणीत ओली शहाबादी फरशी, दाराला वीतभर उंबरा. कमोडची खुर्ची असते, पण पायांची रबरी बुचे झिजलेली, त्यामुळे ती फरशीवर सरकते. घरचे मायेने गुडघ्याखाली उशी सारतात; पेशंटला बरे वाटते, पण त्या सवयीने गुडघा पुरता सरळ होईनासा होतो. हे सांगायला फिजिओथेरपिस्ट घरी यावा लागतो, आणि दोन-तीन वेळा येऊन गेला की पैशांपायी त्याचे येणे थांबते. आखडलेल्या गुडघ्याला रोबोने कापले होते की हाताने, याने मग काही फरक पडत नाही.

म्हणून संघ साहित्य-पेढी सुरू करत आहे. वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हाताच्या उंच खुर्च्या, बर्फाच्या पिशव्या वापरून माळ्यावर पडल्या असतील तर द्याव्यात. वॉकर उंची कमी-जास्त होणारा असावा. गंजलेली खुर्ची नको. फक्त बुचे गेली असतील तर चालेल, बुचे आम्ही घालू. पैशांच्या स्वरूपातली मदत फिजिओच्या फेऱ्यांसाठीच वापरली जाईल, मग ऑपरेशन कुठेही आणि कसेही झालेले असो. संघाची ८०-जी नोंदणी नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही. पावती मात्र प्रत्येक रुपयाची मिळेल आणि हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

निवृत्त परिचारिका आणि टाके काढायच्या दिवशी पेशंटला गाडीतून नेऊ शकणारी मंडळी यांचीही नावे हवी आहेत. रिक्षात गुडघा दुमडून बसणे त्या दिवसांत फार जड जाते.

साहित्य आणि देणगी संघाच्या वाचनालयात सायंकाळी ५ ते ७ या वेळेत स्वीकारली जाईल, रविवारी बंद. उरलेली औषधे कृपया आणू नयेत.

आपली,
कार्यकारिणी, ज्येष्ठ नागरिक संघ