कमान, पाईप आणि दहा हजार डॉलरचं बाकडं

न्यूयॉर्क, ऑक्टोबर अखेर

प्रिय मित्रा,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा तुझ्यासाठी आणि एकदा तुझ्यामागे बोलणाऱ्या बुलबुलासाठी. उत्तर बोलूनच देणार होतो, पण मी मराठीत जरा मोकळा सुटलो की नात दार लोटून घेते. तिला वाटतं आजोबांचं कुणाशी तरी वाजलंय. म्हणून लिहायला बसलो.

तर भानगड अशी. टेकडीवर टाकी आहे, टाकीला पाईप आहे, पाईपचा व्हॉल्व्ह गळतो, आणि तुम्ही साठी उलटलेले दहा-बारा वीर दर रविवारी पाच-पाच लिटरचे कॅन वर चढवून झाडं जगवताय. व्हॉल्व्हला पैसे द्यायला कुणी पुढे येत नाही. आणि ज्या गृहस्थांकडे पैसे आहेत, त्यांना पायथ्याशी वडिलांच्या नावाची कमान उभारायची आहे. दगडी, वर दिवे. तू वैतागून विचारतोस, "तुमच्या सेंट्रल पार्कात असली माणसं नसतात का रे? आणि नसतील तर एवढा पैसा येतो कुठून?"

असतात की. ढिगानं असतात. त्यांच्याच जिवावर पार्क उभा आहे. फक्त त्यांच्या हौसेला इथल्या लोकांनी बाकड्यावर बसवलंय.

आधी पार्काचं सांगतो, म्हणजे तुला आकार कळेल. ८४३ एकर. ५९ व्या रस्त्यापासून ११० व्यापर्यंत, अडीच मैल लांब आणि अर्धा मैल रुंद. लेक ११० व्याच्या वरच्या अंगाला, हार्लेमच्या बाजूला राहते, त्यामुळे मी चालत पोचतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, शहर वाढताना एवढं रान शहाण्यांनी राखून ठेवलं असणार. कसलं राखलेलं! १८५८ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला आणि त्यावरून सगळं रचलं. तळी खोदलेली, माती आणून टाकलेली, झाडं लावलेली. (रचण्याआधी तिथे राहणारी माणसंही उठवलेली. सेनेका व्हिलेज म्हणून कृष्णवर्णीयांची स्वतःच्या मालकीच्या जमिनींची वस्ती होती, ती १८५७ पर्यंत मोडली. आता तिथे माहितीचे फलक आहेत. प्रकल्पग्रस्त सगळीकडचे सारखेच.) सांगायचा मुद्दा हा की अशी रचलेली बाग सोडून दिली तर तिचं रान होत नाही, उकिरडा होतो.

आणि तो झाला होता. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळं निघायच्या बेतात होती. पैसा आटला की पहिली कात्री कुठे लागते ते तुला माहीत आहे. माळी संपावर गेला तर कुणाचं पाणी तुटत नाही. ग्रेट लॉन नावाच्या हिरवळीला लोक धुळीचं मैदान म्हणायचे. बाकांच्या पट्ट्या उखडलेल्या, दगडी पुलांवर रंगाचे फवारे, आणि अंधार पडल्यावर आत जायची कुणाची छाती नाही.

अशा वेळी एलिझाबेथ बार्लो रॉजर्स नावाच्या बाईंनी १९७६ मध्ये एका मासिकात लेख लिहिला. पार्क वाचवा, वारसा जपा, असली भाषणबाजी नाही. तुम्ही वेळ देऊन किंवा पैसे देऊन काय काय करू शकता, याची सरळ यादी. किराणा दुकानाची असते तशी. १९७९ मध्ये महापालिकेने याच बाईंना पार्कची प्रशासक केलं आणि पुढच्याच वर्षी सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था निघाली. १९९८ पासून रीतसर करार आहे: जमीन महापालिकेची, नियम महापालिकेचे, देखभाल संस्थेची. महापालिका करारापोटी काही रक्कम देते, पण रोजच्या खर्चातला मोठा वाटा संस्था स्वतः गोळा करते. तिकीट कुणालाच नाही.

तुला पैशाचं ऐकायची घाई आहे, पण आधी माझी फजिती ऐक, कारण मला पार्क कळला तो तिच्यातून.

गेल्या वर्षी मी तण काढायला नाव नोंदवलं. हातमोजे मिळतात, एक छोटी बोथट सुरी मिळते, गोणी मिळते. पहिल्याच दिवशी एका उतारावर बसवलं आणि दाखवलं, हे उपटायचं. मी ओढलं मात्र, आणि वास आला दवण्याचा! अरे, चैत्रात ज्योतिबाच्या डोंगरावर गुलालात मिसळलेला असतो ना, अगदी तो नाही, पण त्याच घरातला. मगवर्ट म्हणतात इथे, दवण्याचा चुलतभाऊ. युरोपातून आलेला, आणि मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पुन्हा फुटतो. मी पान चुरडून हुंगत बसलो. शेजारच्या बाई बघत होत्या. देवाला वाहायचं ते मी गोणीत भरत होतो, हे त्यांना कसं सांगणार?

महिन्याभरात मी स्वतःला मगवर्टचा जाणकार समजायला लागलो. मग एके दिवशी फुलझाडांच्या वाफ्यात बसवलं, आणि मी भराभर हात चालवत ओळीतली नऊ रोपं उपटली. वास बघायची तसदी घेतली नाही, कारण आता पान ओळखत होतो ना मी! पालक माळीण आली, तिने गोणीत डोकावलं आणि म्हणाली, "ही शेवंती आहे." कोवळ्या शेवंतीचं आणि मगवर्टचं पान इतकं सारखं असतं की मगवर्टला इथे शेवंती-तणही म्हणतात. पण लेका, आयुष्यभर जिच्या वेण्या मंडईतून घरी नेल्या ती शेवंती मी तण म्हणून उपटली! ती बाई रागावली नाही. गोणीतून एकेक रोप काढून तिने पुन्हा लावलं, पाणी घातलं, ओळीच्या दोन्ही टोकांना छोटी लाल निशाणं खोचली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

ती वही महत्त्वाची. पालक माळीण हे नाव मी दिलंय. इथे झोन गार्डनर म्हणतात. १९९० च्या दशकात त्यांनी सबंध पार्क ४९ भागांत वाटला आणि एकेका भागाला एकेक माळी नेमला. पूर्वी टोळ्या फिरायच्या: आज इथे गवत कापणारे, उद्या तिथे कचरा उचलणारे. काम व्हायचं, पण अमुक कोपरा कुणाचा असं विचारलं तर उत्तर नसायचं. आता आहे. बाक मोडलं, भिंतीवर कुणी रंग मारला, नळ गळाला, तर ते अमक्या बाईच्या किंवा अमक्या बुवाच्या हद्दीत असतं आणि त्यांना ते डाचतं. माझ्यासारखे फुकटे स्वयंसेवक त्यांच्या हाताखाली. आम्ही शंभर जण येऊन गेलो तरी उद्या सकाळी तिथे कोण असेल हे ठरलेलं असतं. तुमच्या मंडळात उत्साह आमच्यापेक्षा जास्त आहे, पण तो व्हॉल्व्ह कुणाचा, ते सांग बघू.

आता पैसा. १९८६ पासून इथे बाक दत्तक द्यायची योजना आहे. पार्कात १० हजारांच्या आसपास बाकं आहेत. मी चौकशी केली तेव्हा एका बाकाचे १० हजार डॉलर सांगितले. त्या पैशात काय मिळतं? पाठीच्या फळीवर पोस्टकार्डापेक्षाही लहान धातूची पट्टी, तिच्यावर चार ओळी. बस. बाक तर आधीपासूनच तिथे होतं! पैसे जातात कायम निधीत, आणि त्याच्या व्याजावर त्या बाकांची आणि आसपासच्या झाडाझुडपांची निगा राहते. म्हणजे नाव दिसतं ते बाकावर, पैसा झिरपतो तो मुळाशी. मी रिकामा असलो की पट्ट्या वाचत हिंडतो. कुणी बायकोला मागणी घातल्याची जागा, कुणाचा कुत्रा, कुणाची आई. त्या गृहस्थांच्या वडिलांइतकेच सगळे कुणाकुणाचे लाडके.

दुसरा प्रकार ऐकून वहिनी हसतील. दर मे महिन्यात पार्कातल्याच कॉन्झर्व्हेटरी गार्डन नावाच्या बागेत संस्थेसाठी पैसे जमवायला बायकांचं एक जेवण असतं. एकेकीच्या डोक्यावर अशी टोपी की वर घरटं बांधावं. भारी तिकीट काढून येतात आणि त्या एका दुपारी लाखो डॉलर जमतात. टोप्या घातलेलं हळदीकुंकू म्हण. मी कुंपणाबाहेरून बघितलं.

आणि मग मोठे मासे. २०१२ मध्ये जॉन पॉल्सन नावाच्या गुंतवणूकदाराने एकरकमी १० कोटी डॉलर दिले. चांगलंच झालं. पण इथेच मला खटकायला लागतं. ज्यांच्या खिडक्यांतून हा पार्क दिसतो, ती माणसं या शहरातली सगळ्यात श्रीमंत. त्यांच्या खिडक्यांतून ब्रॉन्क्ससारख्या गरीब भागातलं खेळाचं मैदान दिसत नाही. महापालिका आपल्या खर्चातला १ टक्काही उद्यानांना देत नाही, मग तिकडे काय होत असेल ते बघायला मी एकदा मुद्दाम मेट्रोने गेलो. पाण्याच्या नळाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. २०१३ मध्ये इथल्या एका आमदाराने सुचवलं होतं की मोठ्या उद्यान-संस्थांनी आपल्या वार्षिक बजेटचा २० टक्के वाटा गरीब बागांना द्यावा. खूप आरडाओरडा झाला, कायदा काही झाला नाही. मला विचारशील तर त्याचं बरोबर होतं.

अजून एक. २००४ मध्ये इराक युद्धाविरुद्ध ग्रेट लॉनवर प्रचंड सभा घ्यायची होती. महापालिकेने परवानगी नाकारली, कारण काय तर गवत खराब होईल. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जिथे नुसती धूळ होती, तिथलं गवत आता सभेपेक्षा मोठं झालं. मी गवतावर गुडघे टेकून बसणारा माणूस, मला गवताची किंमत कळते. पण आपल्या गांधी मैदानात चिखल होईल म्हणून कुणी सभा नाकारली असती, तर तू आणि मी काय केलं असतं ते आठव.

खरं सांगू, पुण्यातही हे नवं नाही. एम्प्रेस गार्डन सरकारी खातं चालवत नाही, १८३० पासूनची संस्था चालवते, आणि दर जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन तूच मला दाखवलं होतंस. त्यांच्या कुणाला तरी जाऊन भेट. माझं अमेरिकेचं ऐकण्यापेक्षा ते कामाचं.

तरी विचारलंच आहेस म्हणून सांगतो. त्या गृहस्थांना नाही म्हणू नकोस, दुखावतील, आणि वडिलांवर माया असणं हा काही गुन्हा नाही. कमान कुठून दिसेल? रस्त्यावरून, गाडीतून. त्यांना एका सकाळी वर घेऊन जा. टाकीच्या शेजारी तो सपाट खडक आहे ना, जिथे तुम्ही कॅन ठेवून दम खाता, तिथे एक बाक करू म्हणावं, त्यावर वडिलांचं नाव. रोज पन्नास माणसं टेकतील आणि नाव वाचतील. किंमत मात्र बाकाची सांगू नकोस. बाक, पाईप, व्हॉल्व्ह आणि महिन्यातून दोनदा देखभालीला येणाऱ्या माणसाचे तीन वर्षांचे पैसे, हे सगळं मिळून बाकाची किंमत. हिशेबाची वही उघडी ठेव. आणि टेकडीचे सात-आठ तुकडे कर, एकेकाच्या नावावर एकेक चढव. जोशीबुवांच्या तुकड्यातलं झाड वाळलं की ते कसे झोपतात ते बघतोच मी.

आज सकाळी त्या वाफ्यावरून येताना थांबलो. ती नऊच्या नऊ जगली, पिवळी-तांबूस फुललीत. मी वाकून एक पान चुरडलं. वास दवण्याचा नव्हता.

वहिनींना नमस्कार. डिसेंबरात येतोय, तेव्हा मलाही एक कॅन ठेव. व्हॉल्व्ह तोवर बदलला नसेल तर.

तुझाच