आईची बोरमाळ शोधून देणाऱ्या हवालदारसाहेबांना

आदरणीय हवालदारसाहेब,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. आभार मात्र जाहीरच मानायचे आहेत. पोलिसांबद्दल चारचौघांत बोलणं निघतं ते बहुधा तक्रारीसाठीच, आणि तुमच्यासारख्यांचं काम घरातल्या घरात राहून जातं.

आई सकाळी देवळातून परतत होती. मोटरसायकलवरच्या दोघांनी तिला थांबवलं. "आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झालीय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा." समोरून येणाऱ्या एका माणसालाही त्यांनी दरडावलं आणि त्याने मुकाट्याने गळ्यातली साखळी काढून दिली. ते बघून आईनेही बोरमाळ आणि पाटल्या काढल्या. घरी येऊन गाठ सोडली तर आत खडे.

त्यानंतर 'पोलीस' म्हटलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. म्हणून तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तो दिवस मला महत्त्वाचा वाटतो. बाईमाणसाचा साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या राहत्या घरी जायचं, हा कायदाच आहे. पण तो पाळताना तुम्ही आधी ओळखपत्र आईच्या हातात दिलंत, तिने चष्मा शोधून ते वाचेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबलात आणि मगच आत येऊन बसलात.

जबाब देता देता आई म्हणाली, "त्या बिचाऱ्याची पण साखळी गेली हो. भेटला तर त्यालाही तक्रार द्यायला सांगा." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "आजी, तो त्यांचाच माणूस. आधी त्याने काढायचं, म्हणजे समोरच्याची खात्री पटते. भले भले फसतात यात." आई कितीतरी वेळ गप्प बसली. इतके दिवस ती स्वतःलाच बोल लावत होती. ते ओझं तुमच्या त्या वाक्याने उतरलं, साहेब. दागिने मिळाले नसते तरी एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं असतं.

मग तुम्ही त्या तिसऱ्याबद्दलच खोदून विचारलंत. मोटरसायकलवाल्यांकडे आईने भीतीने नीट पाहिलंच नव्हतं, पण या माणसाची तिला दया आली होती, म्हणून तो लख्ख आठवत होता. मनगटात तांब्याचं कडं, पायात नवे पांढरे बूट. या धाग्यावरून तुम्ही सातारा पालथा घातलात. दुकानांच्या सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून आधी फुटेज गोळा केलंत. प्रत्येक डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ मोबाईलशी ताडून किती मिनिटं पुढे, किती मागे हे वहीत टिपत होतात. एका पेट्रोल पंपावर ते पांढरे बूट त्याच मोटरसायकलवर मागे बसलेले दिसले.

हे सगळं गणपतीचा बंदोबस्त, कोर्टाच्या तारखा आणि रात्रगस्त सांभाळून. गस्तीला आलात की कोपऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून पुढे निघायचं, नोंदीपुरतं तेवढं पुरतं. पण आमच्या खिडकीत उजेड दिसला की "आजी, झोपा आता, आम्ही आहोत" असं सांगून जायचात. तक्रारदाराला तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवावी असं नव्या कायद्यात आहे. तुम्ही तर सांगण्यासारखं काही नसलं तरी 'अजून काही हाती नाही' एवढं सांगायला फोन करत होतात. वाट बघणाऱ्या माणसाला त्याचा किती आधार असतो!

पुढे दुसऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेने अशीच एक टोळी पकडली, आणि त्यातला कडंवाला तुम्ही ओळखलात. कोर्टातून त्याचा ताबा घेतलात. पाटल्या वितळून त्यांची लगड झाली होती, बोरमाळ मात्र अख्खी मिळाली. पटवेकऱ्याने तांबड्या दोऱ्यात गाठवलेली आणि मधल्या मण्याला चेप असलेली माळ, आईने डोळे मिटून बोटांनीच ओळखली. मुद्देमाल परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज, फोटो, पंचनामा, बंधपत्र हे सगळं कसं करायचं, तेही तुम्हीच समजावलंत.

वाचणाऱ्यांनाही तुमचा निरोप सांगते, कारण तुम्ही तो आमच्या गल्लीत दारोदार जाऊन सांगितलात. खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढून पुडीत बांधायला सांगत नाही. कुणी सांगितलं तर तिथेच आरडाओरडा करायचा आणि ११२ लावायचा. फिर्याद दिली की एफआयआरची प्रत मागून घ्यायची, ती फुकट मिळते.

तुमची बदली झाल्याचं कळलं. या कामाची नोंद तुमच्या सेवापुस्तकात व्हावी, असा अर्ज आईच्या सहीने पोलीस अधीक्षक कार्यालयात दिला आहे. अर्जात तिसऱ्या माणसाची हकीकत सविस्तर लिहा, असा तिचा आग्रह होता, तशी ती लिहिली आहे. वहिनींना घेऊन जेवायला या, आई वाट बघतेय.

आपली कृतज्ञ,
आजींची मुलगी